कुडापासून स्लॅबपर्यंत : घर बांधण्याच्या खर्चाचा हिशेब

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या एका माणसाचा दाखला देतात. असा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो आणि काम तडीस नेण्याइतके आपल्याजवळ आहे की नाही, ते पाहतो. तसे न करता नुसता पाया घालून जो थांबतो, त्याला येणारेजाणारे हसतात. हा दाखला शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी दिलेला आहे, हे खरे. परंतु सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूंना बांधकामाचा खर्च ही काय चीज असते, हे ठाऊक होते, असेही त्यातून दिसते. आपल्या वसईच्या धर्मग्रामांतून फिरताना अर्धवट राहिलेला मजला आणि पावसात गंजत उभ्या असलेल्या सळया दिसल्या, की आम्हांला हा दाखला आठवतो. हसू मात्र येत नाही. त्या सळयांखाली राहणाऱ्या कुटुंबाने हिशेब केला नव्हता असे नाही. हिशेब करून झाल्यावर भाव बदलले, एवढेच बहुधा घडलेले असते.

'आमच्या आजोबांनी मूठभर रुपयांत घर उभे केले, आणि आम्हांला तेवढ्या पैशांत दारही बसवता येत नाही,' असे उद्गार प्रत्येक घरात ऐकू येतात. हे खरे किती आणि भ्रम किती, घर बांधण्याचा खर्च वाढला म्हणजे नेमके काय वाढले, याचा शोध घ्यावा, असे आम्हांला वाटले. कारण हा प्रश्न केवळ विटा-सिमेंटाचा नाही. लग्न झालेले जोडपे आपल्या धर्मग्रामात राहणार की दूरच्या एखाद्या इमारतीत भाड्याने जाणार, हे आज बऱ्याच अंशी याच हिशेबावर ठरते.

प्रथम जुन्या घराकडे वळू. वसई म्हटली की किल्ल्यातील चर्चांच्या दगडी भिंती डोळ्यांसमोर येतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत येथल्या दगडाने मोठमोठी बांधकामे झाली. वसईचा दगड जहाजांतून गोव्यालाही गेला आणि तेथील चर्चांच्या दर्शनी भागांत बसला. परंतु हे वैभव चर्चांचे, मठांचे आणि थोड्या सधन घराण्यांचे होते. सामान्य शेतकऱ्याचे, कोळ्याचे, मजुराचे घर कारवीच्या कुडाचे असे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर माती आणि शेण यांचा लेप द्यायचा, ताडाचे किंवा रानातल्या लाकडाचे खांब रोवायचे, वर गवत, पेंढा नाहीतर माडाच्या झावळ्या. ज्याची थोडी ऐपत असे, तो कुंभाराकडून नळीची कौले आणी. जमीन शेणाने सारवलेली. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे, हा जणू शेतीच्याच कामांपैकी एक भाग होता.

या घराला खर्च किती येई? रोख रकमेत पाहिले तर फारच थोडा. सुताराची मजुरी, लोखंडी खिळे-बिजागऱ्या, विकत आणलेले थोडे लाकूड एवढाच काय तो पैशांचा व्यवहार. बाकीचे सर्व अंगमेहनतीतून येई. कुटुंबातील माणसे माती कालवीत, बायका सारवण घालीत, आळीतले लोक आढे चढवण्यासाठी हात लावीत आणि त्यांना जेवण मिळे. उद्या त्यांच्या घरी काम निघाले की हेच हात तिकडे जात. कोणी तो हिशेब वहीत लिहिला नाही. म्हणून आजोबांच्या घराची जी रक्कम आपण सांगतो, ती त्या घराची संपूर्ण किंमत नव्हे. केवळ पैशांत चुकवावा लागलेला तिचा लहानसा अंश होय. उरलेली किंमत शेजाऱ्यांनी आणि घरच्यांनी घामाने भरली होती. शिवाय असे घर दरसाल दुरुस्ती मागे. एका पिढीत त्यावर जे श्रम खर्च होत, ते एकत्र केले तर घर स्वस्त होते असे म्हणायला जीभ सहजी वळणार नाही.

सधन घरांत विटांच्या किंवा दगडांच्या भिंती चुन्यात बांधल्या जात. समुद्रकाठच्या शिंपल्या भाजून चुना करीत आणि बैलांच्या घाणीत तो रेतीबरोबर दळून घेत. चुन्याला मुरायला वेळ लागे आणि त्यामुळे बांधकामही सावकाश चाले. घाई नव्हती म्हणून पैसाही एकदम लागत नसे. एका वर्षी जोते, पुढच्या पीकपाण्यानंतर भिंती, त्यानंतर छप्पर, अशी घरे कित्येक वर्षे वाढत राहत.

या जगात बाहेरून आलेला पहिला मोठा पाहुणा म्हणजे मंगळुरी कौल. खाचेत खाच बसणाऱ्या कौलांची युक्ती फ्रान्समधील अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंची. तिचे पेटंट १८४१ चे. बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला या प्रकारच्या कौलांचा कारखाना सुरू केला. तीनच वर्षांनी, १८६८ साली, तेथील आल्बुकर्क या कॅथॉलिक घराण्याने आपला कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती, घाटावरून येणारे सरपण आणि बंदरातून सुटणारी गलबते या तिन्हींच्या जोरावर ही कौले मुंबईपर्यंत आणि कोकणच्या बंदरांत पोहोचली.

मंगळुरी कौलाने काय बदलले? चौरस मीटरला साधारण पंधरा कौले पुरतात. नळीच्या कौलांपेक्षा छप्पर हलके होते, गळती कमी होते, दरवर्षी शाकारावे लागत नाही. परंतु ही कौले गावच्या कुंभाराकडे मिळत नसत. ती रोख पैसे देऊन विकत घ्यावी लागत. शिवाय खाच नेमकी बसायची तर वासे आणि रिपा सरळ, मापात कापलेल्या हव्यात. म्हणजे रानातले वेडेवाकडे लाकूड चालेना, वखारीतले करवतून घेतलेले लाकूड आले. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वनकायद्याने जंगलातून फुकट लाकूड आणणे दुरापास्त झाले होतेच. घर अधिक टिकाऊ झाले, वर्षाचे श्रम वाचले. पण कुटुंबाला रोख पैशांची गरज पडू लागली. पुढच्या शंभर वर्षांची गोष्ट या एका वाक्यात सामावलेली आहे. प्रत्येक सुधारणेने घामाचा काही भाग कमी केला आणि त्या जागी पैसा मागितला.

हा पैसा सावकाराकडून येई. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी सहकारी पतसंस्था स्थापन झाली आणि जी पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली, तिचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. रोख रकमेच्या युगात प्रवेश करणाऱ्या शेतकरी समाजाला सावकाराच्या दारी जावे लागू नये, ही दृष्टी त्यामागे होती.

कौलानंतर सिमेंट आले. आरंभी ते विलायतेहून पिपांत भरून येई. हिंदुस्थानात यशस्वी उत्पादन सुरू झाले ते १९१४ साली पोरबंदरला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, आयात आटली आणि देशी सिमेंट सरकारी कामांकडे वळले. युद्ध संपल्यावर नवे कारखाने निघाले, त्यांच्यात चढाओढ लागली. १९२७ मध्ये सिमेंटचा वापर लोकांना शिकवण्यासाठी काँक्रीट असोसिएशन स्थापन झाली आणि १९३६ साली अनेक कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. उभी राहिली.

याच काळात मुंबईत एक मोठा प्रयोग झाला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० च्या सुमारास सरकारने गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचे योजिले. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या चाळी उठू लागल्या. त्याच आपल्या परिचयाच्या बी.डी.डी. चाळी. परंतु युद्धोत्तर महागाईत बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला. खर्च भरून निघेल एवढे भाडे कामगाराला परवडेना, कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि पन्नास हजारांऐवजी सोळा हजारांच्या आसपास खोल्या बांधून योजना थांबली. दोनशे सात इमारतींची ही वसाहत म्हणजे दाखल्यातल्या बुरुजाचेच सरकारी रूप. जो खर्च बांधणाऱ्याच्या अंदाजात बसतो, तो राहणाऱ्याच्या कमाईत बसतोच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. तो आपण पुन्हा पुन्हा विसरलो.

दुसऱ्या महायुद्धात सिमेंटवर नियंत्रण आले आणि स्वातंत्र्यानंतरही ते थोड्याफार फरकाने चालू राहिले. १९५६ साली वितरण सरकारी व्यापार महामंडळाकडे गेले. १९६६ मध्ये नियंत्रण उठले, पण दोन वर्षांतच परत आले. ज्यांनी १९६० ते १९८० च्या दरम्यान घर बांधले आहे, त्यांना हा काळ सांगायला नको. सिमेंटचा भाव कागदावर स्थिर असे, सिमेंट मात्र दुकानात नसे. परवान्यासाठी अर्ज करायचा, तलाठ्याचा दाखला, तहसील कचेरीच्या खेपा, मग मंजूर झालेल्या गोण्या कधी येतील त्याची वाट पाहायची. पावसाळा जवळ आला की काळ्या बाजाराकडे पावले वळत. या काळातील घराचा खरा खर्च सरकारी भावावरून कळणार नाही. बुडालेले रोज, कचेरीत घातलेले तास आणि चढ्या भावाने घेतलेल्या गोण्या हे सर्व त्यात धरावे लागेल. सिमेंटवाटपाच्या प्रश्नाने महाराष्ट्राचे राजकारणही ढवळून निघाले आणि १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, हे अनेकांना आठवत असेल.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीअखेर केंद्र सरकारने नियंत्रण अंशतः सैल केले. जुन्या कारखान्यांनी सुमारे दोन-तृतीयांश माल ठरीव भावाने सरकारला द्यावा आणि उरलेला खुल्या बाजारात विकावा, असे ठरले. १ मार्च १९८९ पासून सिमेंट पूर्ण मुक्त झाले. जानेवारी १९९२ मध्ये पोलादावरील भावाचे व वितरणाचे नियंत्रणही गेले. भाव वाढले, पण रांगा गेल्या. ज्याच्याजवळ पैसा त्याला माल, ही नवी रीत रूढ झाली. टंचाईच्या काळात ओळख लागत होती, आता ऐपत लागू लागली.

घराचे रूप पालटले ते याच सुमारास. कौलारू घर पाडून स्लॅबचे घर बांधण्याची लाट आली. तिची कारणे केवळ हौसेची नव्हती. सागाचे लाकूड सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. आखातात आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलांचा पैसा घरी येऊ लागला होता. आणि मुख्य म्हणजे जमीन वाटली जात होती. वडिलोपार्जित वाडीचे चार भावांत चार तुकडे झाले, की पसरट कौलारू घर मावत नाही. घराला वर चढावे लागते, आणि कौलांवर मजला चढत नाही. स्लॅब आला तो या अडचणीतून.

या स्लॅबच्या घराचा हिशेब आता मांडून पाहू. गवंडी आणि अभियंते यांचा सर्वसाधारण ठोकताळा असा, की काँक्रीटच्या घराला चौरस फुटामागे सिमेंटची पावणेअर्धी म्हणजे ०.४ च्या आसपास गोणी आणि साडेतीन ते चार किलो लोखंड लागते. आठशे चौरस फुटांचे बेताचे घर घेतले, तर सिमेंटच्या तीनशे वीस गोण्या आणि सुमारे तीन टन सळई झाली. गोणी पावणेचारशे रुपये धरली तर सिमेंटचे एक लाख वीस हजार होतात. सळई किलोला साठ रुपये धरली तर एक लाख ऐंशी हजार. दोन्ही मिळून तीन लाख. आता साधे, नीटनेटके बांधकाम चौरस फुटाला दोन हजार रुपये धरले, तर सबंध घर सोळा लाखांवर जाते. म्हणजे ज्या सिमेंट-लोखंडाच्या नावाने आपण बोटे मोडतो, ती दोन्ही मिळून खर्चाच्या पाचव्या हिश्शाच्याही आत राहतात!

मग उरलेला पैसा जातो कोठे? सर्वसाधारणपणे तिसरा हिस्सा मजुरीत जातो. रेती, खडी, विटा यांचा वाटा मोठा आहे. वैतरणेतून आणि खाड्यांतून निघणारी रेती पूर्वी ब्रासावर स्वस्तात मिळे. पात्रे खरवडली गेली, किनारे खचले, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक परवानगी सक्तीची केली. ते योग्यच झाले. पण त्यामुळे रेतीची खरी किंमत प्रथमच आपल्या खिशाला जाणवली. तोवर ती नदी भरत होती. आणि शेवटचा मोठा वाटा म्हणजे फरश्या, न्हाणीघराची सजावट, खिडक्या, रंग, विजेची व नळांची कामे. घराचा सांगाडा उभा करायला जेवढा पैसा लागतो, तितकाच त्याला सजवायला लागतो, असा अनुभव अनेकांना येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, ही आनंदाची गोष्ट आहे. गोणीमागे तीसेक रुपये वाचले असे धरले, तर वर सांगितलेल्या घरात नऊ-दहा हजारांची बचत होते. सोळा लाखांत ती एक टक्काही भरत नाही. एखाद्या खोलीच्या फरशीची निवड बदलली तर याहून अधिक रक्कम वाचते किंवा जाते.

आता महागाईकडे पाहू. रुपयाचीच किंमत उतरत असल्यामुळे नुसत्या रुपयांची तुलना फसवी असते. घर विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर कर आकारण्यासाठी सरकार दरवर्षी एक निर्देशांक जाहीर करते. १९८१-८२ साली तो शंभर धरला, तर २००१-०२ मध्ये ४२६ झाला. त्या वर्षी नव्याने शंभर धरला आणि २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. दोन्ही जोडून पाहिले तर १९८१ चे शंभर रुपये आज सुमारे सोळाशे होतात. हा निर्देशांक ग्राहक किमतींच्या वाढीच्या केवळ तीन-चतुर्थांशावर बेतलेला असल्यामुळे प्रत्यक्ष महागाई याहून जास्त आहे. सोन्याने मोजाल तर चित्र आणखी वेगळे दिसते. १९८० साली दहा ग्रॅमला तेराशे रुपयांच्या आसपास असलेले सोने २०२५ मध्ये एक लाखाच्या वर गेले. आपल्याकडील कितीतरी घरांच्या पायात आईच्या पाटल्या आणि आजीच्या माळा गाडलेल्या आहेत. त्या काळी ज्या कुटुंबाने दागिने मोडून घर बांधले, त्याने किती मोठी किंमत मोजली, हे आजच्या सोन्याच्या भावावरून ध्यानात येते.

गरिबाच्या घराचा भाव सरकारी योजनांतून स्पष्ट दिसतो. इंदिरा आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलाला १९९६ पासून वीस हजार रुपये मिळत. २००४ मध्ये ते पंचवीस हजार झाले, २००८ मध्ये पस्तीस, २०१० मध्ये पंचेचाळीस, २०१३ मध्ये सत्तर हजार. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना आली तेव्हा ही रक्कम एक लाख वीस हजार झाली आणि घराचे किमान क्षेत्र वीसवरून पंचवीस चौरस मीटर झाले. वीस वर्षांत सहापट. परंतु त्यानंतर ही रक्कम तेथेच थबकली. २०२४ मध्ये योजनेला मुदतवाढ मिळाली, तीही त्याच दराने. दरम्यान वर सांगितलेला सरकारचा स्वतःचा निर्देशांक बेचाळीस टक्क्यांनी चढला. आठशे चौरस फुटांच्या घराला जेवढ्या रकमेचे नुसते सिमेंट लागते, तेवढ्या रकमेत गरिबाने आपले पावणेतीनशे चौरस फुटांचे घर उभे करावे, अशी अपेक्षा आहे. घर लहान आहे हे मान्य केले, तरी हिशेब जुळत नाही.

या योजनेतील एक गोष्ट मात्र आम्हांला बोलकी वाटते. लाभार्थ्याने कंत्राटदार न लावता आपले घर आपण बांधावे, अशी तिची अट आहे आणि त्याच्या स्वतःच्या श्रमाचे सुमारे नव्वद दिवस रोजगार हमीतून मजुरी म्हणून धरले जातात. आजोबांच्या वहीत जो घाम कधी लिहिला गेला नाही, तो सरकारी वहीत अखेर नोंदला गेला.

वसईपुरते बोलायचे तर बांधकामाच्या खर्चाहून मोठा आकडा जमिनीचा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, १९९० साली सिडकोकडे नियोजनाचे अधिकार गेले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईसाठी चळवळ उभारली. त्या चळवळीचा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. मात्र एक परिणाम नोंदवला पाहिजे. जुन्या हिशेबात जमीन कधीच धरलेली नसे, कारण ती वाडवडिलांची असे. आता ज्याच्याजवळ ती आहे त्याला घर परवडते, आणि ज्याच्या वाट्याला ती आली नाही किंवा ज्याच्या वडिलांनी ती विकली, त्याला भिंतींचा खर्च झेपत असूनही घर झेपत नाही. एकाच कुटुंबातील दोन चुलत भावांत ही दरी पडलेली आपण पाहतो.

यावर उपाय नाही असे मात्र आम्ही मानत नाही. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला निवर्तलेले लॉरी बेकर हे क्वेकर पंथाचे वास्तुशिल्पी. मलंकरा कॅथॉलिक चर्चचे आर्चबिशप बेनेडिक्ट मार ग्रेगोरिओस यांच्या सांगण्यावरून त्यांनी केरळमध्ये गरिबांसाठी कमी खर्चाची घरे बांधली. तेथील लोयोला महाविद्यालयाचे चॅपेलही त्यांचेच. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून आत पोकळी ठेवली, की सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि घरही थंड राहते. स्लॅबच्या ज्या भागात काँक्रीटला काम नसते, तेथे जुनी मंगळुरी कौले घालून सिमेंट व लोखंड वाचवायचे. नको असलेला गिलावा नको, नको असलेली भिंत नको. १९८५ साली स्थापन झालेल्या कॉस्टफोर्ड संस्थेने ही कामे पुढे चालवली. आपल्या किनाऱ्यावरील खारा वारा आणि धुवाधार पाऊस लक्षात घेऊन या युक्त्या जपूनच वापराव्या लागतील. परंतु पाडलेल्या घराची कौले, चांगले साग, जुने दरवाजे भंगारात घालण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीला विचारायला काय हरकत आहे?

चर्चनेही या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराला बचत करून स्वतःची मालमत्ता मिळवता येईल इतके वेतन हवे, असा विचार मांडला. बेघरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, १९८७ साली, व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने बेघर भावंडांविषयी आपण काय केले, असा प्रश्न विचारणारे निवेदन काढले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' मध्ये माणसाची प्रतिष्ठा आणि कुटुंबाची वाढ घराशी बांधलेली असल्याचे दाखवून दिले. घर बांधण्याचा खर्च हा म्हणूनच श्रद्धेच्या बाहेरचा विषय नव्हे.

आमच्या मते या सर्व इतिहासातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की भाव आपल्या हाती नसले, तरी घराचा आकार आणि सजावट आपल्या हाती आहे. शेजाऱ्याच्या घरापेक्षा आपले घर उंच दिसावे यासाठी काढलेले कर्ज वीस वर्षे फेडताना आयुष्याची उमेदीची वर्षे निघून जातात, आणि शेवटी त्या मोठ्या घरात दोन वृद्ध राहतात, मुले परदेशी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जुने घर स्वस्त पडत होते, कारण त्यात शेजाऱ्यांचे हात होते. सिमेंट आणि सळई त्या हातांची जागा घेऊ शकली, पण तो भार वाटून घेण्याची रीत आपणच मोडली. एखाद्या विधवेचे छप्पर गळते आहे, एखाद्या तरुण जोडप्याचा स्लॅब पैशांवाचून अडला आहे, हे धर्मग्रामाला ठाऊक असते. आपल्यात अभियंते आहेत, गवंडी आहेत, वीजतंत्री आहेत, निवृत्त झालेले हिशेबनीस आहेत. त्यांनी वर्षातले चार शनिवार दिले, तरी एकदोन घरांचा मजुरीचा आणि देखरेखीचा मोठा भाग सहज वाचेल.

नव्या घराला आशीर्वाद द्यायला फादर येतात, खोल्याखोल्यांतून तीर्थ शिंपडतात, आळीतले लोक जमतात, गोडधोड वाटले जाते. ही चांगली प्रथा आहे. आमचे म्हणणे इतकेच, की आळीतले हे लोक पूर्वी आढे चढवायलाही येत असत.